चोआ चू कांगमधलं इजिप्त

शोकेसच्या सगळ्यात वरच्या फळीवर हात घातला आणि पहिला हाताला लागला तो नाक तुटलेला तूतनखामेन. त्याच्यामागे बाकीचे दाटीवाटीने उभे होते. चार राजे, दाढी लावलेली एक राणी आणि एक मांजर. सगळे प्लास्टरचे, वरून सोनेरी रंग दिलेले. बुडाशी नख लावलं की पांढरी पूड निघते. सिंगापुरातल्या चोआ चू कांगच्या या अकराव्या मजल्यावर त्यांनी जवळजवळ माझ्याइतकी वर्षं काढली आहेत. मी एकेकाला जुन्या टॉवेलात गुंडाळायला घेतलं.

फ्लॅट विकला गेलाय. सोमवारी किल्ल्या द्यायच्या. आज शनिवार, आणि आई अजून हललेली नाही. भांडी बांधून झाली, पलंग गेला, पडदे उतरले. उरलाय तो स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातला देव्हारा आणि त्याच्यासमोर पाटावर बसलेली आई.

"देवांचं ठरू दे, मग माझं ठरवा," एवढंच ती म्हणते.

देव म्हणजे बाबांच्या घराण्याचे टाक. चांदीच्या चार छोट्या पत्र्यांवर उठवलेले: घोड्यावरचा खंडोबा, एक देवी, एक भैरोबा आणि एक वीर, ज्याचं नाव आता कुणालाच आठवत नाही. हे देव घरातल्या मुलाकडे जातात. आजोबांकडून ते बाबांकडे आले आणि बाबांबरोबर साताऱ्याहून सिंगापूरला आले. आता बाबा नाहीत. माझा धाकटा भाऊ निखिल टोरांटोला असतो, तो फोनवर म्हणतो, "ताई, तूच ठेव ना." साताऱ्याचे काका म्हणतात, लेकीच्या घरी बापाचे देव जात नसतात, तिच्याकडे तिच्या सासरचे देव असतात, टाक इकडे पाठवून द्या. आई कुणालाच हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. पन्नास वर्षं तिने या चार पत्र्यांना रोज अंघोळ घातली आहे. वारस ठरल्याशिवाय सिंहासनाजवळून उठायचं नाही, असं तिने ठरवलंय.

वारस, सिंहासन हे शब्द माझे नव्हेत. ते बाबांचे.

बाबा मरीन इंजिनियर होते. सहा महिने समुद्रावर, मग तीन-चार महिने घरी. त्यांच्या बॅगेला डिझेलचा वास यायचा. आई बॉयलर सूट तीनतीनदा धुवायची, बाहेरच्या बांबूवर वाळत घालायची, तरी कापडात तो वास शिल्लक राहायचाच. मला तो फार आवडायचा. बाबा आले की मी आधी बॅगेत तोंड खुपसायची आणि मग त्यांच्याकडे जायची. बॅगेत तळाशी, मोज्यात गुंडाळलेला, एक राजा असायचा.

सुएझ कालव्याच्या मधोमध खारं तळं आहे. तिथे जहाजं रांगेत नांगर टाकून आपली पाळी यायची वाट बघतात. कालव्यात दोर बांधायला लागणारी तिथली माणसं जहाजावर चढतात आणि काम नसेल तेव्हा डेकवर चादर पसरून दुकान मांडतात. पपायरस म्हणून केळीच्या सालीवर छापलेली चित्रं, पितळी उंट, प्लास्टरचे राजे. बाकीचे लोक उंट घ्यायचे. बाबा राजा घ्यायचे, पण कुठला राजा ते आधी विचारायचे. विकणाऱ्याने भलतंच नाव सांगितलं की त्याला दुरुस्त करायचे. "तो माणूस माझ्याकडे असा बघायला लागला," ते सांगत, "की मीच त्याच्या गावचा आणि तो साताऱ्याचा."

इतिहास त्यांनी कधी शिकला नव्हता. कुठल्याशा जहाजाच्या लायब्ररीत कव्हर फाटलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक त्यांना सापडलं होतं. ड्युटी संपल्यावर ते वाचायचे, आणि घरी आले की रविवारी सकाळी साबुदाण्याची खिचडी खाताना आम्हाला सांगायचे. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, मलय लग्न असलं तर डफांचा आवाज वरपर्यंत यायचा. खिडकीसमोरच्या झाडावर कोकिळा नुसती पिसाटल्यासारखी ओरडत असायची. टेबलावर लोणच्याच्या बरणीला टेकून राजे उभे असायचे, आणि बाबा शेजारच्या गल्लीतल्या माणसांबद्दल बोलावं तसं त्यांच्याबद्दल बोलायचे.

"हा अखेनातेन. याचा बाप मोठा राजा. घरात देवच देव. सगळ्यांत मोठा अमुन. त्याच्या पुजाऱ्यांचा राजाहून जास्त रुबाब. हा गादीवर आला आणि म्हणाला, सगळे देव बंद. एकच ठेवायचा. सूर्य."

"बंद म्हणजे?" निखिलने विचारलं.

"बंद म्हणजे बंद. व्हॉल्व्ह फिरवला. अमुनचं नाव दिसेल तिथून छिन्नीने खरवडून काढलं. त्याच्या स्वतःच्या बापाच्या नावात अमुन होतं, तेही खरवडलं. मग नवं शहर बांधलं, वाळवंटात. तिथल्या देवळांना छप्पर नाही. देव वरूनच येणार, छप्पर कशाला? चित्रात बघ, सूर्याचा एकेक किरण खाली येतो आणि त्याच्या टोकाला छोटासा हात."

ते हात मला इतके आवडले होते की शाळेच्या वहीत मी काढलेल्या प्रत्येक सूर्याला पंजे असायचे. टीचरने आईला बोलावून घेतलं होतं.

"छप्पर नाही म्हणजे पावसात देवाचे हाल," आई ओट्यापाशी उभी राहून म्हणाली.

"अगं, तिकडे पाऊस नसतो."

"मग उन्हात पुजाऱ्यांचे हाल," आई म्हणाली आणि बाबांच्या बशीत आणखी खिचडी वाढली.

बाबांना तो राजा मनापासून आवडायचा. एकटा माणूस, सगळ्या जगाच्या विरुद्ध. त्याचं शहर वीस वर्षंही नीट टिकलं नाही, पुढच्यांनी त्याचंही नाव खरवडलं, राजांच्या यादीतून त्याला गाळलं, तरी तीन हजारांहून जास्त वर्षांनी इंजिनरूममधला एक साताऱ्याचा माणूस त्याच्यासाठी हळहळतोय, याचं मला तेव्हा नवल वाटायचं नाही. आता वाटतं. आता मला त्या दोघांचंही कौतुक वाटतं, आणि खरं सांगायचं तर राजापेक्षा बाबांचं जरा जास्त.

आमच्याही घरात सत्तांतर व्हायचं, दर सहा महिन्यांनी. बाबा आले की दोन दिवस पाहुण्यासारखे वागायचे आणि तिसऱ्या दिवशी राज्य हातात घ्यायचे. डाळींचे डबे उंचीप्रमाणे लावायचे. गिझर, पंखे, मिक्सर यांची तपासणी कधी करायची त्याचा तक्ता करून फ्रिजवर डकवायचे, खाली सही आणि हुद्दा. आम्ही शाळेला निघालो की घड्याळ बघायचे. ते जहाजावर परत निघाले की आम्ही तिघं एअरपोर्टला जायचो, आई डोळे पुसायची, आणि घरी येऊन साडीही न बदलता आधी तो तक्ता काढायची. चिकटपट्टीचे चार कोपरे फ्रिजवर राहायचे, तेही ती नखाने खरवडायची. संध्याकाळपर्यंत डाळी आपापल्या जुन्या जागी. निखिल आणि मी सोफ्यावर लोळत टीव्ही बघायचो. अमुनचे पुजारी देवळं पुन्हा उघडल्यावर असेच लोळले असतील.

पण राज्य म्हणजे नुसता टीव्ही नव्हे. मार्गशीर्षात चंपाषष्ठी यायची. खंडोबाचा दिवस. चार महिने वांगं आणि कांदा बंद असायचा, तो त्या दिवशी सुटायचा. आई आदल्या दिवशी लिटिल इंडियात जाऊन जांभळी मोठी वांगी आणि बाजरीचं पीठ आणायची. सकाळी गॅसवर वांगी भाजायला लागली की तो वास दाराबाहेर कॉरिडॉरभर पसरायचा. समोरच्या चिनी आंटी आपल्या जाळीच्या दारातून विचारायच्या, "सम्थिंग बर्निंग आह?" आई म्हणायची, "नो नो, प्रेयर." पुढे पुढे त्या आंटी वास आला की वाटीच घेऊन यायच्या.

दुपारी तळी भरायची. ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबरं आणि हळदीचा पिवळाजर्द भंडारा; ते पाच पुरुषांनी मिळून तीन वेळा उचलायचं आणि येळकोट येळकोट जय मल्हार म्हणायचं, अशी रीत. सात वर्षांची होते मी तेव्हाची गोष्ट. बाबा समुद्रावर. आमच्या ओळखीतले सगळे मराठी पुरुषही समुद्रावरच. त्या वर्षी तळी नाही, असंच सगळे धरून चालले होते. आईने जहाजवाल्यांच्या दोन बायकांना बोलावलं, मला आणि निखिलला अंघोळ घातली, आणि ताम्हन मधे ठेवलं.

"अगं पण पुरुष?" त्यांतल्या एकीने विचारलं.

"पुरुष नाहीत म्हणून देव उपाशी ठेवायचा का?" आई म्हणाली. "धरा."

आम्ही पाच जणांनी ताम्हन धरलं. निखिल चार वर्षांचा, त्याचा हात पोचेना, त्याला पाटावर उभं केलं. आईने भंडारा उधळला. पंखा चालू राहिला होता, त्यामुळे हळद पार हॉलच्या भिंतीपर्यंत गेली. एवढ्या मोठ्या आवाजात ओरडणारी आई मी तोपर्यंत पाहिली नव्हती. भिंतीवरचा तो पिवळा पट्टा पुढच्या रंगकामापर्यंत तसाच होता.

आईने त्या दिवसाचा फोटो बाबांना पाठवला. त्या खेपेला बाबांनी आणली ती दाढी लावलेली राणी, हत्शेपसुत. नवरा गेला, गादीचा वारस लहान, तेव्हा हिने राज्य हातात घेतलं, आणि राजाला दाढी असते म्हणून खोटी दाढीही लावली. वीसेक वर्षं उत्तम कारभार केला. मूर्ती टेबलावर ठेवून बाबा म्हणाले, "ही बघ. तुझा फोटो बघितल्यावर हीच आठवली."

"माझ्यासाठी कानातलं आणायचं सोडून दाढी आणली," आई म्हणाली. पण ती मूर्ती तिने इतरांच्या पुढे ठेवली आणि दर शनिवारी तिच्यावरची धूळ ती स्वतः पुसायची.

आमच्या घरच्या सगळ्यात मोठ्या धर्मक्रांतीला मात्र मी जबाबदार आहे. बाबांनी एकदा एक छोटा काळा कुत्रा आणला होता. टोकदार कान, लांब तोंड, पाय पुढे पसरून बसलेला. खंडोबाबरोबर कुत्रा असतो हे मला टाकावरून माहीत होतं. आमच्या टाकावरचा कुत्रा मात्र घासून घासून पुसट झाला होता, नीट दिसतच नव्हता. बाबा जहाजावर परत गेले त्याच आठवड्यात मी तो काळा कुत्रा देव्हाऱ्यात खंडोबाच्या शेजारी नेऊन बसवला. आईने विचारलं तेव्हा सांगितलं, बाबांनीच आणलाय. ते खोटंही नव्हतं. आईला वाटलं, कुणीतरी जेजुरीहून पाठवला असेल. रोज त्याच्या कपाळाला भंडारा लागू लागला. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या नैवेद्यातला एक तुकडा त्याच्यासमोर वेगळा पडला.

पाच महिन्यांनी बाबा आले. पाय धुऊन देवाला नमस्कार करायला वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आईला वाटलं रडताहेत. ते जमिनीवर बसून हसत होते.

"अगं, हा अनुबिस! त्यांचा मढ्यांचा देव आहे हा. स्मशानातला!"

निखिल माझ्यामागे लपला. सातासमुद्रापार नवरा असलेल्या बाईने पाच महिने रोज सकाळी स्मशानातल्या देवाला हळद वाहिली होती. आईचा चेहरा पांढरा पडला. ती देव्हाऱ्यासमोर बसली, कुत्रा हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली. आता तो कचऱ्याच्या नळीतून अकरा मजले खाली जाणार, असं मी धरून चालले.

"पाच महिने माझ्या हातची हळद खाल्लीय याने," आई शेवटी म्हणाली. "आणि माणूस धडधाकट घरी आलाय. आता कुठे जाईल बिचारा?"

तिने त्याला परत खंडोबाच्या शेजारी ठेवलं. एक देव ठेवायला एका राजाला सगळं राज्य उलथंपालथं करावं लागलं, आणि आईने एक देव वाढवला तो स्वयंपाकघरात बसून, दोन वाक्यांत. असं काही करायची छाती मला आजही नाही.

तूतनखामेनची गोष्ट बाबा सगळ्यात शेवटी सांगायचे. अखेनातेननंतर गादीवर आलेलं आठ-नऊ वर्षांचं पोर. "सिंहासनावर बसवलं तर पाय खाली टेकत नव्हते," असं म्हणून बाबा निखिलच्या लोंबत्या पायांकडे बघायचे. त्या पोराचं मूळ नाव वेगळं, सूर्यदेवाचं. जुने देव परत आले तसं त्याचं नाव बदललं, त्यात अमुन घातला. त्याची बायकोही त्याच्याएवढीच पोर. तिचंही नाव बदललं. देवळं उघडली, मूर्ती पुन्हा घडवल्या. आणि विशीच्या आत तो मेला.

"आणि त्या पोरीचं काय झालं?" आईने एकदा विचारलं. ती मेथी निवडत होती.

"म्हाताऱ्या वजिराने गादी घेतली. तिच्याशी लग्नही केलं, म्हणतात. पुढचं माहीत नाही. तिचं थडगं सापडलेलं नाही."

आईने मेथीची जुडी खाली ठेवली. "नाव बदललं, देव बदलला, आणि शेवटी कुठे गेली त्याचा पत्ता नाही. छान," असं म्हणून ती आत गेली. बाबा बरणीच्या झाकणाशी खेळत राहिले. मला त्यात काहीच कळलं नव्हतं. आई मूळची विजया, हे मी तिच्या जुन्या पासपोर्टवर फार उशिरा वाचलं. लग्नात ताटातल्या तांदळात बाबांनी अंगठीने सुलभा लिहिलं, आणि ती सुलभा झाली. माझ्या लग्नात मंदारने, माझ्या नवऱ्याने, नाव बदलायचं का विचारलं आणि मी नाही म्हटलं. आईने तेव्हा माझा हात दाबला होता.

बाबा आषाढात गेले. निखिल टोरांटोहून निघाला, पण मधल्या एका विमानतळावर अडकला. गुरुजी म्हणाले, थांबता येणार नाही. बाबांच्या ओठांवर तुळशीचं पान आणि चमचाभर गंगाजल मी ठेवलं. मंडाईच्या स्मशानगृहातल्या त्या थंड, स्वच्छ हॉलमध्ये काचेपलीकडे पेटी सरकत गेली. मी रडले ते घरी आल्यावर, वॉशिंग मशीनपाशी, त्यांचा जुना बॉयलर सूट हातात घेऊन. त्याला वास उरला नव्हता.

आज टॉवेलात तूतनखामेन गुंडाळताना मला त्याच्या थडग्यातली भिंत आठवली. पुस्तकातला तो फोटो बाबांनी आम्हाला कितीतरी वेळा दाखवला होता. मी राजाला तसाच हातात घेऊन आईसमोर जमिनीवर बसले.

"आई, या पोराच्या थडग्यात भिंतीवर एक चित्र आहे. बाबा सांगायचे. म्हातारा वजीर बिबळ्याचं कातडं पांघरून उभा आहे आणि मेलेल्या राजाच्या तोंडाला हत्यार लावतोय. तोंड उघडायचा विधी. म्हणजे राजाला पुढच्या जगात खाता यावं, बोलता यावं."

"आठवतंय."

"हा विधी वारसाने करायचा असतो. पण तो वजीर कुठे वारस होता? त्याने विधी केला, म्हणून तो वारस ठरला."

"तो म्हातारा लबाड होता," आई म्हणाली.

"असेल. पण विधी खरा होता ना?"

आईने समईची वात सारखी केली. खालून कुणाच्या तरी सायकलची घंटी ऐकू आली.

"बाबांच्या तोंडात पाणी कुणी घातलं?" मी विचारलं.

"तू."

"मग काकांना सांग, देव ठरले."

"तुमच्याकडे मंदारच्या घरचे देव आहेत. एका देव्हाऱ्यात दोन घराणी? एकमेकांकडे बघतील तरी का?"

माझी लेक रेवा दारात पुठ्ठ्याच्या खोक्यावर बसून फोन बघत होती. अकरा वर्षांची आहे. तिने मान वर केली आणि आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजी, टू शेल्फ्स कॅन व्हॉट. अप अँड डाऊन. व्हाय सो स्ट्रेस?"

"वर कोण आणि खाली कोण?" आईने विचारलं.

"टेक टर्न्स ला."

आई हसली. आषाढापासून मी तिला अशी हसताना पाहिली नव्हती. मग ती उठली, पदर खोचला, मला पाटावर बसवलं. "अंघोळ झालीय ना?" झाली होती. तिने माझ्या कपाळावर भंडाऱ्याचा आडवा पट्टा ओढला, चारी टाक ताम्हनात ठेवले, त्यांच्या शेजारी काळा कुत्रा ठेवला, आणि ताम्हन माझ्या हातात दिलं. ते चांगलंच जड होतं. मला एकदम बाबांना हे सांगावंसं वाटलं. सांगायला कुणी नव्हतं, तेव्हा मी मोठ्याने रडले. आईने मला रडू दिलं.

व्हिडिओ कॉलवर निखिल म्हणाला, "जय मल्हार, ताई." काकांना आईने स्वतः फोन केला. "ठरलंय, भाऊजी. तिनेच पाणी घातलं होतं," एवढं म्हणून ठेवला. पलीकडचं काही तिने ऐकून घेतलं नाही.

सगळं संपलं असं मला वाटलं. मी खोकी दारापाशी नेली, रेवाला लिफ्ट थांबवायला सांगितलं. वळून बघते तर आई रिकाम्या देव्हाऱ्यासमोर पुन्हा पाटावर बसलेली.

"आता काय राहिलं, आई?"

"तुला एक विचारायचंय." ती माझ्याकडे बघत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "तुझ्या घरात तू मला खोली देणार आहेस ना."

"तुझीच खोली आहे ती."

"तिथे, खिडकीच्या फळीवर म्हण. फार जागा लागायची नाही." ती थांबली. "ज्योतिबा चालेल का तुला?"

मला क्षणभर काही कळेना. ज्योतिबा कोल्हापूरच्या बाजूचा, डोंगरावरचा देव. आमच्या घरात त्याचं नाव मी कधीच ऐकलं नव्हतं.

"आमच्याकडचा," आई म्हणाली. "माझ्या वडिलांच्या घरचा. लग्नाच्या दिवशी त्याला नमस्कार करून निघाले. इकडे आल्यावर हे देव माझे झाले, आणि यांचं सगळं मी मनापासून केलं. त्यात कमी केलं नाही ना काही?"

"नाही गं आई."

"मग झालं. आता यांना तू आहेस." तिने पदर सोडला. "म्हणून विचारलं. तुझं घर आहे, तू हो म्हण नाहीतर नको म्हण."

शहात्तर वर्षांची आई माझी परवानगी मागत होती. कधी समुद्राला न घाबरलेली, स्मशानातल्या देवाला हळद लावून गप्प बसवणारी बाई, आणि स्वतःच्या बापाच्या देवासाठी माझ्या तोंडाकडे बघत होती. जन्मभर माझ्या डोळ्यांसमोर राहिलेल्या बाईबद्दल मला ही साधी गोष्ट ठाऊक नव्हती. मला माझी लाज वाटली.

"चालेल का काय विचारतेस," मी म्हटलं. "ऊठ आधी."

ती उठली.

रविवारी दुपारी आम्ही दोघी लिटिल इंडियाला गेलो. सिरंगून रोडवर नेहमीसारखी गर्दी. मोगऱ्याचे गजरे, तळलेल्या वड्यांचा वास, देवळातला नादस्वरम. आईच्या भाचीने कोल्हापुरात सोनाराला टाक सांगितलाय, तो यायला महिना लागेल. तोवर निदान गुलाल हवा, असं आईचं म्हणणं. खंडोबाला पिवळा भंडारा, तसा ज्योतिबाला गुलाबी गुलाल. पूजेच्या दुकानातल्या तमिळ माणसाने आधी कुंकू दाखवलं, मग अष्टगंध. आई आपल्या हिंदीत म्हणाली, "नहीं, गुलाल. गुलाबीवाला." तो आत गेला आणि होळीतलं उरलेलं एक पाकीट झटकत घेऊन आला.

आईला ते घरी नेईपर्यंत धीर नव्हता. बाहेर फुटपाथवर येऊन तिने दातांनी कोपरा फाडला, चिमूटभर कपाळाला लावलं, आणि मग मूठ भरून वर उधळली. दोन बांगलादेशी कामगार थबकले. एका बाईने साडी सावरली. आईच्या पांढऱ्या केसांवर, चष्म्यावर, माझ्या बाह्यांवर गुलाबी पूड बसली.

"ज्योतिबाच्या नावानं चांगभलं!" आई ओरडली. तो आवाज मला ओळखीचा नव्हता. कुणा शाळकरी मुलीचा असावा असा होता.

मी नुसतीच उभी राहिले. आई माझ्याकडे वळली.

"अगं, चांगभलं म्हण ना. मी एकटीच ओरडू का?"

"चांगभलं," मी म्हटलं.

"मोठ्याने," आई म्हणाली. "तो डोंगरावर असतो."